पोटाला घालतो म्हणणाऱ्याकडे नको, पगार देणाऱ्याकडे पाठवा

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, घरात बाळू म्हणतो. जन्मताना उशिरा रडला, पुढं आकडी येऊ लागली. बारा वर्षांचा असताना मतिमंद, ७५ टक्के असं सर्टिफिकेट मिळालं. बेळगावात विशेष शाळेत जात होता, १८ पूर्ण झाल्यावर शाळा संपली. आता वर्ष झालं घरीच आहे. दहाला उठतो, मोबाईल बघतो, जेवतो. अंग सुटलंय. मोबाईल काढून घेतला की आदळआपट करतो. हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, पहाटेच बाहेर पडतात. धाकट्या दिरांचे वडगावात माग आहेत. ते म्हणतात, ‘पाठवून द्या वहिनी, सुताच्या कांड्या भरील, पोटाला घालतो, सांभाळतो.’ ह्यांना पटतंय, मला मात्र भीती वाटते. सासूबाईंचं म्हणणं, मामाची मुलगी करून घ्या, लग्न झालं की शहाणा होईल. थोरल्या मुलीला स्थळं येताहेत, पावणे आले की बाळूला शेजारच्या घरी नेऊन बसवतो. आमच्यामागं ह्याचं कसं व्हायचं?
— एक आई, उचगाव भाग

ताई,

‘आमच्यामागं कसं’ ह्या प्रश्नावर शेवटी येते. त्या काळजीत रात्र सरते आणि दुसरा दिवस पुन्हा तसाच रिकामा उजाडतो, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. म्हणून आधी बाळूच्या दिवसाचं बोलू.

दिरांकडे आत्ता पाठवू नका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. उलट स्वतःहून पुढं आले, एवढंही किती जण करतात? पण ‘पोटाला घालतो’ ह्या बोलीवर गेलेल्या मुलाला तिथं ना ठरलेलं काम असतं, ना ठरलेली वेळ. चहा आण, गुटखा आण, जरा इथं बस, असं दिवसभर. काही बिघडवलं तर ‘असू दे, त्याला कुठं कळतंय’ म्हणून सोडून देतात. त्यामुळं तो काही शिकत नाही आणि पाच वर्षांनीही कांडीच भरत असतो, तीही अर्धी. तुम्हाला त्यात काही खटकलं तरी तोंड उघडता येत नाही, कारण जाऊबाई दुखावतील. उद्या घरच्या वाटणीवरनं शब्दाला शब्द लागला की पहिला हिशेब निघतो तो ‘एवढी वर्षं तुमच्या पोराला पोसलं’ हाच. परक्या मालकाकडं निदान ‘उद्यापासून येत नाही’ म्हणायची सोय असते.

मागावरचं काम कधीच नको, असंही मी म्हणत नाही. पण आधी एक दिवस तुम्ही स्वतः वडगावला जाऊन चार तास बसा. तो खडखडाट तुम्हाला किती वेळ सोसतो ते बघा आणि मग बाळूला सोसेल का ते ठरवा. कुकरच्या शिट्टीला कान झाकणारी मुलं असतात, त्यांना मागाजवळ उभं करणं म्हणजे शिक्षाच. दुसरी गोष्ट आकडीची. शेवटची आकडी कधी आली आणि गोळ्या नियमित चालू आहेत का, हे पत्रात लिहिलेलं नाही. फिरतं चाक, पट्टा, धोटा ह्यांच्या आसपास त्याला उभं करायचं की नाही, हे दीर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. फिट्सच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते नको म्हणाले तरी मागाच्या धंद्यात मशीनला हात न लावता करायची कामं आहेतच. साडीचे सुटलेले धागे कापायचे, घडी घालायची, कव्हरमध्ये भरायची, लेबल चिकटवायचं. दिरांना सांगायचं ते असं : ‘घडी आणि कव्हर एवढंच काम, दहा ते एक एवढाच वेळ, शनिवारी पगार त्याच्या हातात. जमत असेल तर सहा महिन्यांनी पाठवते.’

सहा महिन्यांनी का, तर त्याआधी घराजवळ सुरुवात व्हायला हवी.

तुमच्या त्या पट्ट्यात कामाला तोटा नाही. रताळी निघायला लागली की गावभर धुणं, निवडणं, पोती भरणं चालतं. मोठं रताळं एका बुट्टीत, बारीक दुसरीत, कुदळ लागलेलं तिसरीत, हे बाळूला आठवड्याभरात जमेल. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ कॅन धुवायचे असतात. किराणा दुकानात साखर-डाळीच्या पुड्या बांधायच्या असतात, रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायची असते, खानावळीत भाजी निवडायची असते. तुम्ही मालकाकडं ‘माझ्या मुलाला नोकरी द्या’ म्हणून जाऊ नका, तो घाबरून नाहीच म्हणेल. ह्यातलं एकच काम मागा. म्हणावं, ‘रोज दोन तास, एकच काम. पहिले पंधरा दिवस मी शेजारी थांबते. पैसे थोडे द्या, पण पहिल्या दिवसापासून द्या.’ एक मालक नाही म्हणाला तर दुसरा बघा. ‘नको हो, पैसे कशाला, तसाच येऊ दे’ म्हणणारा भेटला तर त्यालाही नमस्कार करून पुढं चला.

पैशावर मी अडून बसते म्हणून काही जणींना मी व्यवहारी वाटते. वाटू दे. फुकट काम करणाऱ्याला उशीर झाला तर कुणी विचारत नाही, न आला तर कुणी हाक मारत नाही. पन्नास रुपये देणारा माणूस मात्र ‘काय रे, काल का आला नाहीस?’ असं विचारतो. आजवर बाळूला हा प्रश्न कुणी विचारलाय का? तो येण्या-न येण्यानं कुणाचं काही अडतं, हे त्याला पहिल्यांदा तिथं कळेल.

आता शिकवायचं कसं. दूध संस्थेतला कॅन घेऊ. झाकण काढायचं, पाणी घालायचं, ब्रश आत फिरवायचा, पाणी ओतायचं, कॅन पालथा घालायचा. आपण पहिल्या पायरीपासून शिकवायला जातो आणि तिसऱ्या पायरीला तो कंटाळून उठतो. विशेष शिक्षक बऱ्याचदा उलटीकडून शिकवतात. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करा, शेवटची, म्हणजे कॅन पालथा घालणं, तेवढी त्याच्यावर सोडा. काम पूर्ण झाल्याचं समाधान त्याच्या वाट्याला येतं. ते पक्कं झालं की ओतणं आणि पालथा घालणं, मग ब्रश, असं मागं मागं यायचं. प्रत्येक पायरीचा फोटो त्याच मोबाईलवर काढा, ज्याच्यावरनं तुमची रोज भांडणं होतात. फोटो एकामागोमाग लावून दिले की तो स्वतःच बघून करेल. सांगताना एकच शब्द, ‘ब्रश’. मग थांबा. आपण थांबत नाही, हीच खरी अडचण. त्याच्या डोक्यात शब्द पोचून हात हलायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण ‘अरे ब्रश घे ना, तो बघ तिथं, किती वेळा सांगायचं’ असं चार वाक्यं आणखी ओतलेली असतात. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. तरी हात हलला नाही तर बोट दाखवा. तरीही नाही तर त्याच्या हाताला हात लावा. पुढच्या वेळी एक मदत कमी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस तो ‘जात नाही’ म्हणून बसेल. तेव्हा ‘बघा, मी म्हणालोच होतो’ म्हणणारे घरात आणि गल्लीत तयारच असतात. नवेपण ओसरलं की आपल्यालाही असं होतं. चार दिवस थोडा वेळ, पण जायचंच. कारण बघा, कुणी चिडवलं का, चप्पल चावते का, लघवीला कुठं जायचं ते कळत नाही का. हे शेवटचं कारण फार वेळा निघतं आणि मुलाला ते सांगता येत नाही.

मोबाईलबद्दल एवढंच, की तो काढून घेऊन काही व्हायचं नाही, तो हातातनं सुटेल असं दुसरं काही तरी दिवसात यायला हवं. सकाळी उठायला त्याच मोबाईलवर तुमच्या आवाजात ‘ऊठ, डेअरीला जायचंय’ असं भरून ठेवा. तुम्ही खोलीत जाऊन हाका मारण्यापेक्षा त्याचा राग कमी येतो, अनुभव घेऊन बघा.

पगार आला की तो त्याच्याच हातात द्यायचा. तुम्ही डब्यात ठेवून ‘तुझेच आहेत रे’ म्हणायचं नाही. नोटा त्याला आकड्यानं ओळखता येत नसतील तर रंगानं शिकवा. पाचशेची करडी, शंभरची फिकी जांभळी, पन्नासची निळी, दहाची चॉकलेटी. घोटाळा होतो तो वीस आणि दोनशेत. दोनशेची पिवळी आणि विसाची हिरवट पिवळी, संध्याकाळच्या उजेडात आपणही फसतो. म्हणून सुरुवातीला दोनशेची नोट त्याच्याकडं ठेवूच नका. दहाच्या आणि पन्नासच्या दोनच जाती, दोन वेगळ्या कप्प्यांत. चिरमुरे-भजीला एक चॉकलेटी, दाढी करायला एक निळी, असा हिशेब पुष्कळ झाला. शनिवारी स्वतःच्या पैशानं त्यानं आजीला भजी आणली की सासूबाईंचा लग्नाचा धोशाही थोडा कमी होईल, बघा.

पुढं वडगावला जायचं झालं तर खरा डोंगर बसचा आहे. उचगाव ते सीबीटी, म्हणजे बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक, आणि तिथून दुसरी बस. पाट्या कानडीत. ह्या वयात त्याला ती लिपी शिकवत बसू नका, मराठी अक्षरांचंच अजून पक्कं नसेल. ठरलेल्या वेळची ठरलेली बस आणि वाटेवरच्या खुणा, एवढ्यावर प्रवास होतो. हिंडलग्याचा गणपती दिसला की पिशवी खांद्याला लावायची, स्टँडात गाडी थांबल्यावरच उठायचं. पहिल्यांदा शेजारी बसा. मग मागच्या सीटवर. मग त्याला बसमध्ये चढवून तुम्ही मागच्या गाडीनं या. ह्याला महिने लागले तरी चालेल. कर्नाटकात बायकांना बस फुकट असलेल्या शक्ती योजनेत तुम्हाला तिकीट पडत नाही, तेवढं एक बरं आहे. बाळूचा दिव्यांगांचा सवलतीचा बसपास निघतो, तो काढून घ्या. खिशात एक कार्ड हवं, त्यावर नाव, तुमचा नंबर आणि ‘मला वडगावला जायचं आहे’ हे कानडीत आणि मराठीत लिहिलेलं. एका ठरलेल्या गाडीच्या कंडक्टरला चार वेळा नमस्कार केलात की पुढचं तेच बघतात. आपल्याकडं तेवढी माणुसकी अजून आहे.

आता थोडं नाजूक. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण १९ वर्षांच्या मुलाला अंघोळ कोण घालतं? आई घालत असेल तर ह्या महिन्यात ते थांबवा. यजमानांची सुट्टी असेल त्या दिवशी त्यांनी शिकवायचं, तुम्ही बाहेर. बाथरूमचं दार लावायचं. कपडे आतच बदलायचे. दुसऱ्याचं दार बंद असेल तर वाजवायचं. हे घरात शिकला नाही तर कामाच्या ठिकाणी सगळ्यांसमोर पँट सोडेल आणि लोक त्याला वाईट चालीचा म्हणतील. त्याचं शरीर १९ वर्षांचं आहे, त्याला इच्छा होणार. तो स्वतःच्या अंगाशी खेळताना दिसला तर ओरडू नका, मारू तर नकाच. ‘हे दार लावून, एकट्यानं, आपल्या खोलीत’ एवढंच शांतपणे सांगायचं, दर वेळी तेच शब्द. आणि ह्याच बोलण्यात दुसरी बाजूही सांगायची, की दुसऱ्या कुणी तिथं हात लावायचा नाही. डॉक्टर तपासत असतील तर आई किंवा बाबा जवळ हवेत. कुणी ‘घरी सांगू नकोस’ म्हणालं तर ते पहिल्यांदा घरी सांगायचं. मुलगा आहे, त्याला काय होतंय, असं समजू नका. त्रास देणारा बऱ्याचदा ओळखीतलाच असतो आणि मुलगेही त्यातनं सुटत नाहीत.

बाळू हे नाव मात्र राहू दे. आपल्या गावात सत्तरीचे बाळू आहेत. फक्त पावण्यांसमोर त्याला ‘आमचं लेकरू’ म्हणायचं सोडा आणि हाफ चड्डी घरातच.

सासूबाईंना काय सांगायचं? लग्नानं बौद्धिक अक्षमता जात नाही, हे त्यांनाही मनातनं ठाऊक असेल. त्यांना हवी आहे ती तुमच्यानंतर त्याला जेवू घालणारी बाई. म्हणजे ज्या मुलीला काही न विचारता, सगळं न सांगता आणायचं, ती बायको नव्हे, बिनपगारी नर्स झाली. मामाची मुलगी म्हणजे तर घरातलीच, तिला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. शिवाय हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्नाला समजून-उमजून संमती देता यायला हवी, दोघांना. बाळूला कधी साथीदार हवासा वाटला, तर तो त्याच्या मनाचा प्रश्न असेल, तेव्हा त्याच्याशी बोलता येईल. आज तो प्रश्न त्याचा नाही, आजीच्या धास्तीचा आहे.

थोरलीचं स्थळ. पावणे आले की भावाला शेजारी बसवायचं, हे ताबडतोब बंद करा. तो सगळं समजतो, फक्त बोलून दाखवत नाही. आदळआपट कोणत्या दिवशी जास्त होते, पावणे येऊन गेल्यावर का, ते जरा आठवून बघा. शिवाय लपवलेली गोष्ट साखरपुड्यानंतर कळली तर ते लोक मुलीला आयुष्यभर ऐकवतील. पहिल्या बोलण्यातच सांगा, ‘आमचा मुलगा असा आहे, जन्मताना श्वास कोंडला होता.’ बाळंतपणात मेंदूला प्राणवायू कमी पडल्यानं आलेली अक्षमता बहिणीच्या मुलांत उतरत नाही. पण खरं कारण तेच होतं का, हे एकदा जुने कागद घेऊन मेंदूच्या डॉक्टरांना विचारा. काही कारणं आनुवंशिकही असतात, तशी शंका असेल तर ते तपासणी सांगतील. म्हणजे पावण्यांना सांगताना तुमचाही आवाज कापणार नाही. एवढ्यावर जे माघारी गेले, ते गेलेलेच बरे.

कागदपत्रांचं सांगते, कारण ह्यात वेळ दवडला की नुकसान होतं. बाराव्या वर्षीचं सर्टिफिकेट आता चालणार नाही. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र १८ पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यावं लागतं, ते मग आयुष्यभर चालतं. त्यावर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं आणि ते देशभर चालतं. म्हणजे उद्या कोल्हापूरला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिथंही तेच. पेन्शन मात्र राहत्या राज्याची, त्यामुळं महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पत्त्यावर काढून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

तपासणीला जाताना एक लक्षात ठेवा. टक्केवारी नुसत्या बुद्ध्यांकावर ठरत नाही. मूल स्वतः जेवतं का, बटणं लावतं का, एकटं दुकानात जाऊन येतं का, असे प्रश्न आईला विचारून सामाजिक प्रगल्भतेचे गुण काढतात. ते ३६ ते ५४ मध्ये आले की मध्यम अक्षमता, ७५ टक्के. म्हणजे सर्टिफिकेटवर जे लिहिलंय तो त्या दिवशीचा त्याचा रोजचा व्यवहार आहे. काम करता येणार नाही, असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. आणि बुद्धीची चाचणी मराठीत घ्या, असं मानसशास्त्रज्ञांना सांगायला लाजू नका. आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी वापरतात ती बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मुळी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच बेतली होती. घरी मराठी आणि शाळेत कानडी असलेल्या मुलाला भलत्याच भाषेत प्रश्न विचारून कमी गुण देणं बरोबर नाही.

कानडीतल्या अर्जांची धास्ती नको. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी नेमलेला कार्यकर्ता असतो, त्याला सगळे व्हीआरडब्ल्यूच म्हणतात. दिव्यांग पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, जातो, तो त्याच्याकडनं भरून घ्या. भरताना आधार, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला ह्यांवरचं नाव अक्षर न् अक्षर एक आहे ना, ते बघा. मराठी दाखल्यावरचं नाव आधारला वेगळ्याच स्पेलिंगानं चढलेलं असतं आणि त्या एका अक्षरापायी अर्ज परत येतो. नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशांसाठीच ती आहे आणि त्यात घेताना वैद्यकीय तपासणी लागत नाही. मतदार यादीत नावही घाला. कोर्टानं तसं ठरवलं नसेल तर बौद्धिक अक्षमतेमुळं मताचा हक्क जात नाही.

पालकत्वाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८ झाल्यावर आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ प्रमाणे जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. ती १८ वर्षांवरच्या अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते आणि तो कागद बँकेत चालतो. माझं मत विचाराल तर घाई नको. आधी त्याच्या नावानं तुमच्यासोबत जोडखातं उघडा, हातातल्या पगारातनं उरेल ते त्यात जाऊ दे, पैसे काढताना त्याला शेजारी उभं करा. जिथं त्याच्या सहीवाचून खरंच अडतंय, तिथं समितीकडं जा. २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही मर्यादित पालकत्वच सांगतो, म्हणजे ठराविक निर्णयापुरतं आणि त्याला विचारून.

आता ‘आमच्यामागं’. घर किंवा जमीन नुसती बाळूच्या नावावर करू नका, कुणीही गोड बोलून अंगठा घेईल. आणि नुसती दिरांच्या किंवा थोरलीच्या नावावर करून ‘तू बघ हं त्याला’ असं तोंडीही ठेवू नका. मृत्युपत्र करा. त्याचा वाटा एका खासगी ट्रस्टमध्ये ठेवता येतो, दोन-तीन माणसं विश्वस्त, त्यातला एक तरी नात्याबाहेरचा. वकील हे करून देतात, फार मोठी इस्टेट लागत नाही. थोरलीला आत्ताच सरळ विचारा, की तुला ह्यात किती आणि कसं जमेल? तिचं उत्तर काहीही असलं तरी रागावू नका. आपण गृहीत धरतो आणि मुली तो भार न बोलता सासरी घेऊन जातात.

एक वही करा. कोणती गोळी किती वाजता, काय खाल्लं की पोट बिघडतं, चिडला की काय केल्यानं शांत होतो, कुणाशी त्याचं जमतं, शनिवारी पैशाचं काय करतो. हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे.

आणि ज्याकडं तुमच्या घरात कुणाचं लक्ष गेलं नसावं ते हे. यजमान फाउंड्रीत आहेत, पीएफ कापला जात असेल. १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सभासदाच्या पश्चात कायमच्या आणि पूर्ण अपंग मुलाला वयाची अट न ठेवता पेन्शन मिळायची तरतूद आहे. बाकीच्या मुलांची पंचविसाव्या वर्षी थांबते. ईएसआयमध्येही, म्हणजे कामगार विमा योजनेतही, पूर्णपणे बापाच्या मिळकतीवर अवलंबून असलेला अपंग मुलगा मोठा झाला म्हणून कुटुंबातनं वगळत नाहीत, त्याचे फिट्सचे औषधोपचार त्यातनं होऊ शकतात. पण कंपनीच्या कागदांवर कुटुंबाच्या यादीत बाळूचं नाव आणि अपंगत्व लिहिलेलं हवं. बऱ्याच कामगारांनी नोकरीला लागताना, लग्नाआधी, तो फॉर्म भरलेला असतो आणि त्यात आई-वडिलांचीच नावं असतात. नवं सर्टिफिकेट हातात आलं की त्याची झेरॉक्स घेऊन यजमानांनी टाइम ऑफिसात जावं, पीएफचा आणि ईएसआयचा असे दोन्ही फॉर्म दुरुस्त करून घ्यावेत आणि त्यांची पोच शिक्क्यासकट त्या वहीत ठेवावी.